चुकलेले पत्र आणि अनाहूत पाहुणा : उंबरठ्याच्या इतिहासाविषयी काही विचार

१

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे, राई आणि मोर्वे ही साष्टीतील जुनी गावे एकमेकांस लागून वसलेली आहेत. पोर्तुगीज अंमल, १७३७-३९ च्या मोहिमेनंतरचा मराठ्यांचा अंमल आणि १७७४ च्या अखेरीपासूनचा इंग्रजांचा अंमल अशा तीन राजवटी या भागाने पाहिल्या. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. राई हे गाव आज या शहराच्या हद्दीत मोडते.

या गावाच्या नावापासूनच प्रस्तुत विषयाला आरंभ करणे सोयीचे आहे. 'राई' या शब्दाचा एक अर्थ झाडांची दाट वाढ आणि दुसरा अर्थ मोहरी. अशा सामान्यनामावरून पडलेले ग्रामनाम एकाच ठिकाणी आढळावे, असा नियम नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडच्या खाडीकाठी एक राई आहे. राई-भातगाव पुलामुळे ती अनेकांस परिचित आहे. हरियाणात सोनीपतजवळ आणखी एक राई आहे. तेव्हा पाकिटावर नुसते 'मु. राई' एवढेच लिहिले, तर ते पत्र कोणत्या राईस जाईल हे टपालखात्याला सांगता येणार नाही. उलट, राईतील एखाद्या अंगणात पहाटे येऊन उभा राहणारा वासुदेव पत्ता विचारीत नाही. तो घरामागून घर घेत येतो आणि प्रत्येक घर आपलेच समजतो.

ज्याला एकच दार हवे असते पण जे भलत्याच दारी पोहोचते, ते चुकलेले पत्र. ज्याला कोणतेही दार चालते पण जो दारास नकोसा असतो, तो अनाहूत पाहुणा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध दिसत नाही. तथापि इतिहासाच्या दृष्टीने दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या दाराशी याचे काही नाते आहे, अशी ग्वाही कोणी द्यावयाची? गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात कसे पालटत गेले आणि ते पत्राच्या बाबतीत एका दिशेने व माणसाच्या बाबतीत अगदी वेगळ्या दिशेने का गेले, याचा विचार करण्याचा या लेखात हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. घरी येणाऱ्या परक्या माणसासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. समोर येऊन ठेपलेला तो अभ्यागत. नात्याने किंवा ओळखीने येणारा तो पाहुणा. मागावयास येणारा तो याचक. गावोगाव हिंडणारा तो फिरस्ता. आणि ज्याच्या येण्याला काहीच आधार नाही तो आगंतुक. एवढे शब्द ज्या समाजाने जपले, त्या समाजात दाराशी आलेल्या माणसाची वर्गवारी करण्याची निकड नित्याची होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ही वर्गवारी केवळ सौजन्यापुरती नव्हती; तिला आर्थिक आधार होता. गावगाड्यात बलुतेदारांना सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळे. त्यांच्या खालोखाल अलुतेदार किंवा नारू यांचे हक्क असत. त्यांची यादी गावोगाव बदलत असली तरी गोंधळी, जोशी, जंगम यांसारखी नावे तींत वारंवार येतात. मोरपिसांची टोपी घालून सकाळी येणारा वासुदेव, पहाटेच्या अंधारात भविष्य सांगत जाणारा पिंगळा, मरीआईचा पोतराज, भैरवनाथाच्या नावाने डमरू वाजवीत येणारा डवरी गोसावी, हे सारे या व्यवस्थेच्या कडेकडेने वावरत. यांतील काहींची गावे वाटून घेतलेली असत आणि एकाच्या गावात दुसऱ्याने मागू नये असा संकेत असे. म्हणजे दाराशी कोण येणार हे गावाला ठाऊक असे, आणि कोणत्या गावी जावयाचे हे येणाऱ्याला ठाऊक असे. पत्ता लिहिलेला नव्हता. परंतु तो वहिवाटीत नोंदलेला होता.

घराच्या रचनेनेही या व्यवहारास साहाय्य केले. कोकणातील आणि उत्तर कोकणपट्टीतील जुन्या घरांत अंगण, पडवी, ओटी, माजघर आणि देवघर अशी पायरीपायरीने आत जाणारी रचना आढळते. फिरस्ता अंगणात थांबे, कामानिमित्त आलेला पडवीत टेके, पाहुणा ओटीवर बसे; आप्त तेवढे माजघरात जात. या पायऱ्यांत जातिभेदाचा कठोर अंश होता, हे विसरून चालणार नाही. अनेकांना अंगणाच्या पुढे कधीच येता आले नाही, आणि काहींना अंगणातही येता आले नाही. तथापि या रचनेमुळे एक गोष्ट साध्य होत असे. परक्या माणसाला घरात न घेताही त्याचे म्हणणे ऐकून घेता येत असे, आणि दार बंद न करताही त्याला नकार देता येत असे. 'पुढे जा', 'माफ करा', 'घरात सुतक आहे' ही नकाराची रूढ वाक्ये या मोकळ्या जागेतच शक्य झाली. त्यांत देणे नाकारले जाई. येण्याचा हक्क नाकारला जात नसे.

३

या व्यवस्थेचे गोडवे गाणे मात्र अनैतिहासिक ठरेल. नको असलेला पाहुणा ही काही शहरी संस्कृतीची निर्मिती नव्हे. गावातही त्याविरुद्ध तक्रार होती, आणि ती मराठी गद्यात दोन निरनिराळ्या बाजूंनी मांडली गेली.

पहिली बाजू जोतीराव फुले यांची. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात, शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी आणि वर्षातील प्रत्येक सणाला भटभिक्षुक येऊन दक्षिणा कशी नेतात, याची तपशीलवार मांडणी केली आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फुल्यांच्या दृष्टीने सर्वांत महाग पडणारा पाहुणा हा फाटक्या कपड्यांतला फिरस्ता नव्हता. धर्मशास्त्राचे प्रमाण हाती घेऊन येणारा आणि ज्याला 'पुढे जा' म्हणण्याची सोयच शेतकऱ्याजवळ नव्हती, असा तो प्रतिष्ठित पाहुणा होता.

दुसरी बाजू त्रिंबक नारायण आत्रे यांची. त्यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसुली नोकरीच्या निमित्ताने खेड्यांचा जवळून परिचय झालेल्या आत्र्यांनी कारू-नारूंचा आणि फिरस्त्यांचा विचार स्वतंत्र प्रकरणांत केला. कारू-नारूंचा गावाशी काही तरी करार आहे. फिरस्त्यांचा तसा नाही आणि तरीही त्यांचा भार कुणब्याच्याच खळ्यावर पडतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आत्र्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु फिरत्या जमातींकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्यांच्या काळातील सरकारी अधिकाऱ्याची आहे, हेही नमूद केले पाहिजे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून तो मुंबई इलाख्यातही लावता येऊ लागला. ज्या काळात फिरणे हाच संशयाचा पुरावा ठरत होता, त्या काळात हा ग्रंथ लिहिला गेला.

फुले आणि आत्रे यांची मते एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. गृहस्थाला नकोसा कोण वाटतो, हे येणाऱ्याच्या वर्तनावरून ठरतेच असे नाही. त्याच्या पाठीशी कोणते प्रमाण उभे आहे, यावरूनही ते ठरते. धर्माचे प्रमाण असलेल्याला नको म्हणता येत नाही. वहिवाटीचे प्रमाण असलेल्याला कमी देऊन चालते. आणि ज्याच्याजवळ कोणतेच प्रमाण नाही, त्याला हाकलता येते.

४

आता पत्राकडे वळू. इंग्रजपूर्व काळात पत्र पोहोचविणारा जासूद किंवा कासीद हा माणूस माणसाकडे पाठविलेला असे. पत्ता त्याच्या डोक्यात असे. अशा पत्राला फाटे फुटत ते मुख्यतः वाटेत कोणी अडविल्यामुळे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १७६१ सालचे आहे. ग्रँट डफ यांनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे, पानिपतहून औरंगाबादच्या सावकारांकडे निघालेल्या कासिदास जानेवारीच्या अखेरीस नर्मदेच्या परिसरात पेशव्यांच्या छावणीत अडविण्यात आले, आणि त्याच्याजवळचे सावकारी पत्र फोडल्यावर नानासाहेबांना त्या भयंकर पराभवाची वार्ता कळली. पत्र दुसऱ्याचे होते. ते फोडण्याचा अधिकार सत्तेने स्वतःकडे घेतला. पत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या काळी विचारला जाण्याचा संभव नव्हता.

हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला तो इंग्रजी टपालव्यवस्थेबरोबर. १८३७ च्या कायद्याने सरकारी टपाल सार्वजनिक सेवा म्हणून संघटित झाले. परंतु दर अंतरावर अवलंबून असत आणि मुंबईहून कलकत्त्यास एक तोळा वजनाचे पत्र पाठविण्यास एक रुपया पडे. १८५४ च्या सुधारणेने अंतराचा हिशेब संपला आणि पाव तोळ्याच्या पत्रास देशभर अर्धा आणा हा दर ठरला. पैसे न भरता टाकलेल्या पत्रावर दुप्पट आकार बसे आणि तो घेणाऱ्याकडून वसूल केला जाई. मराठीत या पत्रांना 'नॉटपेड' असे नाव पडले. येथे नको असलेला पाहुणा आणि पत्र प्रथमच एकरूप झाले. पोस्टमन दाराशी उभा आहे, पत्र त्याच्या हातात आहे आणि ते घेतले तर पैसे पडणार आहेत. नॉटपेड पत्र घ्यावे की परत करावे, हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडत असे, आणि परत करण्याचा अधिकार मात्र निर्विवादपणे गृहस्थाचा होता.

१८७७ च्या डिसेंबरात व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू झाली आणि या अधिकाराला व्यापारी महत्त्व आले. 'व्ही. पी.' हा मराठी नियतकालिकांच्या संसारातील अपरिहार्य शब्द झाला. वर्गणी संपली की अंक व्ही. पी. ने जाई, वर्गणीदाराने तो सोडवून घेतला नाही, तर जाण्यायेण्याचा खर्च संपादकाच्या अंगावर पडे. व्ही. पी. परत करू नये, नको असल्यास आधी कळवावे, अशी विनंती जुन्या मासिकांच्या सूचनांत पुनःपुन्हा आढळते. संपादकाच्या दृष्टीने हे दगाबाज वर्गणीदार होते. वर्गणीदाराच्या दृष्टीने न मागविलेली वस्तू पैसे मागत दाराशी आली होती. आज घरोघर येणाऱ्या न मागविलेल्या मालाविषयीचा वाद तत्त्वतः याहून निराळा नाही.

टपालाच्या इतिहासातील सर्वांत विचारार्ह संस्था मात्र निराळीच आहे. ज्या पत्राचा मालक सापडत नाही, त्या पत्राचे काय करावयाचे यासाठी स्वतंत्र कचेरी होती. तिला पूर्वी डेड लेटर ऑफिस म्हणत आणि पुढे रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणू लागले. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याने तिच्या कामाची रीत बांधून दिली. पत्र शक्य असल्यास नव्या पत्त्यावर धाडावे. ते शक्य नसल्यास त्यासाठी नेमलेल्या आणि गुप्ततेने बांधलेल्या अधिकाऱ्यानेच ते उघडावे, आणि तेही केवळ पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता कळावा म्हणून. १७६१ साली सत्तेने पत्र फोडले ते आतील मजकुरासाठी. १८९८ चा कायदा पत्र उघडण्यास अनुमती देतो ती मजकुराकडे दुर्लक्ष करण्याच्या अटीवर. सरकारला अन्य प्रसंगी पत्रे अडविण्याचा अधिकार याच कायद्याने दिला होता, हे खरे. परंतु चुकलेल्या पत्रापुरते तरी सत्तेने स्वतःवर बंधन घालून घेतले होते.

याच कायद्याने गृहस्थावरही कर्तव्य लादले. दुसऱ्याचे पत्र चुकून आपल्याकडे आले असता ते लबाडीने ठेवून घेणे, मुद्दाम दडविणे अथवा टपालखात्याने मागितल्यावर परत न देणे, हा कलम ६८ प्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. कोणास अपाय करण्याच्या हेतूने दुसऱ्याचे पत्र उघडणे किंवा पोहोचू न देणे, हा कलम ६९ प्रमाणे गुन्हा होता. त्यातून अज्ञान मुलांच्या आईबापांना व पालकांना तेवढे वगळले होते. अर्थात पाकिटावर 'येथे राहत नाहीत' असे लिहून ते पोस्टमनच्या हाती परत देणे हा केवळ शिष्टाचार नव्हता. चुकून दाराशी आलेल्या वस्तूविषयी घरमालकावर एक जबाबदारी येते, हे तत्त्व त्यामागे होते.

५

पत्राच्या बाबतीत सत्ता अशी सावध होत असतानाच, माणसाच्या घराच्या बाबतीत ती नेमकी उलट वागली. १८९६ साली मुंबईत ग्रंथिसंनिपाताची साथ आली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी शोधून काढणे हा हेतू वैद्यकीय दृष्ट्या असमर्थनीय नव्हता. परंतु सोजीर माजघरात, स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. अंगणापासून देवघरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एका क्षणात पुसल्या गेल्या. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या घटनेची राजकीय मीमांसा विपुल झाली आहे. प्रस्तुत संदर्भात एवढेच नोंदवावयाचे की, महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत गाजलेला नको असलेला पाहुणा हा भिक्षेकरी नव्हता किंवा विक्रेताही नव्हता, तो सरकारी हुकूम घेऊन आलेला होता.

या धड्याची छाया पुढील कायद्यांवर दिसते. १९४८ चा जनगणना कायदा गणना करणाऱ्यास घरात प्रवेश देण्याचे आणि घरावर क्रमांक रंगवू देण्याचे बंधन रहिवाशांवर घालतो. परंतु हा प्रवेश देशातील रूढींचा विचार करता वाजवी असेल तेवढाच असावा, अशी मर्यादाही तो घालतो. एवढ्या एका शब्दप्रयोगात उंबरठ्याचे अस्तित्व कायद्याने मान्य केले आहे. दारावर रंगविलेला हा क्रमांक पुढे घराच्या ओळखीचे मुख्य साधन बनू लागला. ज्या गावठाणात घर कुळाच्या, आळीच्या किंवा पाड्याच्या नावाने ओळखले जात होते, तेथे आता ते अंकाने ओळखता येऊ लागले.

६

स्वातंत्र्योत्तर काळात फिरस्त्याच्या बाबतीत काय झाले, हे आता पाहिले पाहिजे. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. परंतु सातच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यातील भिक्षेची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकावयास काढणे अशा मिषाने सार्वजनिक जागी मागणे हे तिच्यात येते. आणि भिक्षेसाठी खासगी जागेत प्रवेश करणे हेही तिच्यात येते. ज्यास प्रथम पकडले असेल त्यास एक ते तीन वर्षांपर्यंत संस्थेत अडकवून ठेवण्याची तरतूद त्यात केली गेली.

वासुदेव गातो, गोंधळी नाचतो, पिंगळा आणि कुडमुड्या जोशी भविष्य सांगतात, पोतराज अंगावर कोरडे ओढून खेळ करतो. ज्या ज्या कृतींनी हे लोक आपल्या येण्याचे प्रमाण दाखवीत, त्या सर्व कृती या व्याख्येत 'मिष' ठरल्या. गावाने दिलेला पत्ता कायद्याने खोडला आणि त्या जागी दुसरा पत्ता लिहिला नाही. लोककलेच्या महोत्सवात हेच वासुदेव आणि गोंधळी सन्मानाने बोलावले जातात, हा विरोधाभास अभ्यासकांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

याचा परिणाम केवळ कायद्याच्या पुस्तकापुरता राहिला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस जमावाने मारून टाकले. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातून भिक्षेसाठी फिरत आलेले होते. मुले पळविणाऱ्यांच्या टोळ्या फिरत आहेत, अशी अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली होती. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या असेच गावोगाव फिरले, त्यांना ओळखणारे त्या बाजारात कोणी निघाले नाही. पुढील महिन्यातच, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीस लागू असलेल्या याच मुंबई कायद्यातील, भिक्षा मागणे हा गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु एका बाजूस कायद्याच्या आणि दुसऱ्या बाजूस जमावाच्या नजरेतून एकाच प्रकारच्या माणसाकडे कसे पाहिले गेले, हे त्या एकत्र ठेवल्याने दिसते.

गृहस्थाची भीती सर्वस्वी निराधार असते, असे येथे सुचवावयाचे नाही. दागिने उजळून देण्याच्या मिषाने दाराशी येऊन सोने लांबविणारे भामटे खरे आहेत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांस परक्या माणसापासून असलेला धोकाही खरा आहे. प्रश्न भीती बाळगावी की नाही हा नाही. ओळख पटविण्याचे साधन नाहीसे झाल्यावर भीतीचे काय करावयाचे, हा आहे.

७

पत्राच्या बाबतीत ओळख पटविण्याचे साधन शोधले गेले, आणि ते शोधणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत भाषेतील कवी व नाटककार होते. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड पद्धती सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतील पत्ते आणि न लागणारी अक्षरे यांमुळे पत्रे चुकत होती. सहा आकड्यांनी हा गुंता पुष्कळसा सोडविला. पहिला अंक टपालविभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. भाईंदर पश्चिमेचा क्रमांक ४०११०१ लिहिला की, पत्र रत्नागिरीच्या किंवा सोनीपतच्या राईस जाण्याची भीती उरत नाही. त्यापूर्वी 'मु. अमुक, पो. तमुक' अशा जोडपत्त्याने किंवा मुंबईच्या चाळींतून 'मार्फत' या एका शब्दाने जे काम चाले, ते अंकाने आपल्याकडे घेतले. मात्र 'मार्फत' या शब्दात एका माणसाने दुसऱ्याची घेतलेली हमी होती. अंकात तशी हमी नसते.

यापुढील दोन घटना अगदी अलीकडच्या आहेत. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. त्यात जुन्या कायद्यातील गुन्हे व शिक्षा यांची प्रकरणे वगळली आहेत. दुसऱ्याचे पत्र ठेवून घेणाऱ्या गृहस्थाविषयीचे कलम ६८ त्यांबरोबरच गेले. लबाडीने दुसऱ्याची वस्तू आपलीशी करण्याविरुद्ध सामान्य फौजदारी कायदा आहेच; परंतु चुकून आलेल्या पत्राविषयी दार उघडणाऱ्यावर विशेष कर्तव्य आहे, ही कायद्याची स्वतंत्र घोषणा आता उरली नाही. दुसरी घटना २०२५ च्या मे महिन्यातील. टपालखात्याने डिजिपिन नावाची दहा चिन्हांची नवी पद्धती जाहीर केली. तिने देशातील सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनास स्वतंत्र ओळख दिली आहे. म्हणजे गाव, आळी आणि घर यांच्याही पलीकडे जाऊन आता एकेका दाराचा पत्ता सांगता येतो.

याच काळात दाराचे स्वरूपही पालटले. मीरा-भाईंदरसारख्या शहरात जुनी गावठाणे आणि उंच इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. इमारतीतील घराला अंगण नाही, पडवी नाही, ओटी नाही. दार उघडले की परका माणूस थेट दिवाणखान्यासमोर येतो. चाळीतील गॅलरीने अंगणाचे काम काही अंशी केले होते. बंद सदनिकेत तेही उरले नाही. म्हणून फाटकावर पहारेकरी, वहीत नोंद, दाराला भोक आणि 'विक्रेत्यांस प्रवेश नाही' ही पाटी आली. नाहीशा झालेल्या पायऱ्यांची ही कृत्रिम भरपाई आहे. तीत एकच उणीव आहे: येथे नकार देणारा आणि नकार घेणारा यांची भेटच होत नाही. 'माफ करा' हे म्हणावयाला दोन माणसे समोरासमोर असावी लागतात.

तात्पर्य, गेल्या दोनशे वर्षांत चुकलेल्या पत्रासाठी आपण क्रमांक शोधला, कचेरी उभारली, गुप्ततेची शपथ घातली, आणि शंभरावर वर्षे तरी घरमालकावर कर्तव्य लादले. भलत्या दारी आलेले पत्र हे कोणाचे तरी आहे, एवढे आपण गृहीत धरले. भलत्या दारी आलेल्या माणसासाठी मात्र आपण केवळ प्रतिबंध निर्माण केला. त्याचे पूर्वीचे प्रमाण काढून घेतले आणि नवे दिले नाही. समाजेतिहासाच्या अभ्यासकाने या विषमतेची कारणे अधिक खोलात जाऊन तपासली पाहिजेत. फिरत्या जमातींच्या वहिवाटीच्या गावांची नोंद त्यांच्या वृद्धांकडून करून घेणे, गावठाणातील घरांची जुनी नावे लिहून ठेवणे आणि जुन्या पाकिटांवरील पत्त्यांची रीत तपासणे, ही कामे राईसारख्या गावात आजही करता येण्याजोगी आहेत. ज्यांना ही नावे मुखोद्गत आहेत, ती पिढी वृद्ध झाली आहे. चार मीटरच्या चौकोनाला क्रमांक मिळाला आहे. त्या चौकोनात कोण उभा राहत असे आणि त्याला कोण ओळखत असे, हे लिहून ठेवण्यास फार अवधी उरलेला नाही.